65 चा शेअर 1,179 ला गेला, तरी तोटा कसा करावा

बुडणाऱ्या कंपनीत पैसे बुडवणं कोणालाही जमतं. त्यात कसब ते काय? कस लागतो तो टिकलेल्या, वाढलेल्या, घराघरांत नाव असलेल्या कंपनीत पैसे घालवताना. त्यासाठी टाटा मोटर्ससारखा शेअर शोधून सापडणार नाही. मार्च 2020 मध्ये भाव 65 रुपयांच्या आसपास, जुलै 2024 च्या अखेरीस 1,179. सव्वाचार वर्षांत अठरापट. यातही ज्यांनी मुद्दल गमावलं त्यांची साधना मोठी आहे, आणि थोडी चिकाटी दाखवलीत तर ती तुम्हालाही साधेल.

सुरुवात गाडीपासून करा. ताळेबंद उघडायचा नाही. मेव्हण्याने नवी नेक्सॉन घेतली, दार लावताना ‘धप्प’ असा भरीव आवाज आला, की अभ्यास संपला. या कंपनीच्या एकत्रित उलाढालीतला दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा कित्येक वर्षं जग्वार लँड रोव्हर या तिच्या मालकीच्या ब्रिटिश मोटार कंपनीचा होता. म्हणजे तुमच्या शेअरचं नशीब चिनी श्रीमंतांची हौस, युरोपातली डिझेलवरची खप्पामर्जी आणि पौंडाचा भाव यांच्या हातात होतं. पण असल्या चौकशा तुम्हाला कशाला? धप्प आवाज आला ना?

आता पी-ई. एका शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा नफा. आकडा लहान तर स्वस्त, मोठा तर महाग. हा नियम साबणाच्या कंपनीला लावतात तसाच डोळे मिटून मोटारींच्या कंपनीला लावा. मंदीतही माणूस साबण लावतो, गाडी मात्र ‘बघू पुढच्या दिवाळीला’ म्हणतो. कारखान्याचं व्याज आणि कामगारांचा पगार काही दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. त्यामुळे खप जरा घटला की नफा पार झोपतो, आणि खप जरा वाढला की नफ्याला पंख फुटतात. म्हणून नफा शिगेला असतो नेमका तेव्हा पी-ई सगळ्यांत गोजिरवाणा दिसतो, आणि कंपनी गाळात रुतलेली असते तेव्हा नफाच नसल्याने पी-ई दिसतच नाही. त्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. तुम्ही गोजिरवाणा आकडा दिसला की धावत जायचं आणि रेघ दिसली की पळ काढायचा. एवढं पाळलंत तरी निम्मी लढाई हरलात म्हणून समजा.

उदाहरणच बघा. 2023-24 या वर्षात कंपनीला 31 हजार कोटींहून जास्त नफा झाला. त्यातले काही हजार कोटी गाड्या विकून आलेले नव्हते. पुढे वाचणार असलेला कर हिशेबात आत्ताच धरला होता. पण निकालाचं तळटिपांनी भरलेलं पान वाचतो कोण? 1,179 च्या शिखरावरसुद्धा पी-ई 15 च्या आत होता. ‘इतकी मोठी कंपनी आणि 15 चा पी-ई? फुकट आहे!’ हे वाक्य ज्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकाल, तो खरेदीचा मुहूर्त. पुढे ट्रम्प यांनी आयात गाड्यांवर 25 टक्के शुल्क लावलं, जग्वार लँड रोव्हरने अमेरिकेकडे जाणाऱ्या गाड्या काही काळ थांबवल्या, आणि एप्रिल 2025 मध्ये भाव शिखराच्या निम्म्याखाली आला.

उलट टोक फेब्रुवारी 2019 चं. एका तिमाहीत सुमारे 27 हजार कोटींचा तोटा! तिजोरीतून तेवढे पैसे गेले नव्हते. जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मोल कागदावर कमी केलं होतं, त्याचा हा आकडा. पण मथळ्यात ‘कागदावर’ हा शब्द मावत नाही, आणि तुम्ही तर मथळा वाचूनच विकणार. (प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशी धाडस करून घेणाऱ्यांचीही भंबेरी उडाली. वर्षभरात करोना आला आणि त्यांचेही पैसे आधी निम्मे झाले. रेघ दिसली की लगेच फळ मिळतं असं नाही. पण ही अडचण हुशार लोकांची, तुमची नव्हे.)

एवढा एकच प्रसंग पुरत नसेल तर पूर्ण आवर्तन करा. 2015 च्या सुरुवातीला 580 ला घ्या. त्याच वर्षी राइट्स इश्यू आला, म्हणजे जुन्या भागधारकांना कंपनीकडूनच नवे शेअर, 450 चा भाव. ‘सवलतीत मिळतोय’ म्हणून तोही भरा. मग 300 ला ॲव्हरेज करा, म्हणजे सरासरी खरेदीभाव उतरवायला आणखी घ्या. मग मार्च 2020 मध्ये, 70 ला, ‘यात आता काही राम राहिला नाही’ असं म्हणून सगळा विका. पाच वर्षं धीर धरून शेवटच्या आठवड्यात धीर सोडणं, हे भल्याभल्यांना जमत नाही.

दीर्घ मुदतीचा आलेख बघायचाच असेल तर काकांच्या स्मरणशक्तीवर बघा. काका सांगतात, 2010 लाच हा शेअर 1,300 च्या वर होता, म्हणजे चौदा वर्षांत वाढला काय? 2011 मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे ते 1,300 नव्या हिशेबात 260, हे काकांना सांगू नका. वडीलधाऱ्यांचा मान राखावा.

तज्ज्ञांचं टार्गेट, म्हणजे भाव कुठवर जाईल याचा अंदाज, मात्र जरूर पाळा. भाव 400 असताना टार्गेट 450, भाव 1,000 झाला की टार्गेट 1,200. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तुम्ही त्या घोड्यामागून चाला.

आता 14 ऑक्टोबर 2025 ची सकाळ. कंपनीची दोन भागांत वाटणी झाली होती, प्रवासी गाड्या इकडे, ट्रक-बस तिकडे. त्यामुळे आदल्या दिवशी 660 वर बंद झालेला शेअर 400 वर उघडला. ट्रकच्या कंपनीचा शेअर एकास एक या हिशेबाने मिळणार होता, पण ॲपला त्याचं काय? ॲपवर लालभडक उणे 40 टक्के. तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून विकलात, मेव्हण्याला फोन करून त्याच्या गाडीलाही दोन शब्द सुनावलेत, आणि या शेअरचं नाव पुन्हा काढायचं नाही अशी शपथ घेतलीत.

12 नोव्हेंबरला ट्रकच्या कंपनीची बाजारात नोंदणी झाली. प्रवासी गाड्यांच्या जुन्या कंपनीचं नाव एव्हाना टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झालं होतं, आणि मूळचं नाव ट्रकवाल्यांकडे गेलं होतं. तुमच्या डीमॅटमध्ये एक नवी ओळ दिसली: टाटा मोटर्स. भाव 335.

‘अरे, हा तर मी विकला होता!’ असं म्हणून तुम्ही तो पुन्हा विकलात.