रेफ्रीला घेरून काही फरक पडत नाही म्हणे

फुटबॉलच्या रेफ्रींवरचा एकच व्हॉट्सॲप फॉरवर्ड तीन ग्रुपवर आला म्हणून लिहितोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्लेयर रेफ्रीला घेरतात, मॅनेजर टचलाईनवरून बोंबलतात ते सगळं पॅशन, त्यामुळे दिलेला डिसिजन काही बदलत नाही, व्हीएआर (स्क्रीनवर रिप्ले बघून मैदानावरच्या रेफ्रीला मदत करणारा दुसरा रेफ्री) आल्यापासून तर प्रेशर टाकून उपयोगच नाही, आणि ज्याला एवढं झेपत नाही त्याने शिट्टी गळ्यात घालूच नये. खाली नुसते अंगठे.

डिसिजन बदलत नाही, हे अर्धं खरंय. जानेवारी २००० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रेफ्री अँडी डुर्सोने मिडल्सब्रोला पेनल्टी दिली तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीन आणि गँग अशी अंगावर गेली की तो बिचारा मागेमागेच सरकत राहिला, कीनच्या कपाळावरच्या शिरा मोजता येतात त्या फोटोत, तरी पेनल्टी काय रद्द झाली नाही (युनायटेडचा गोलकीपर बॉस्निचने अडवली ते वेगळं). पण शिट्टी परत गिळता येत नाही हे कीनला माहीत नव्हतं का? ही बोंबाबोंब झालेल्या पेनल्टीसाठी नसतेच, पुढच्या पेनल्टीसाठी असते. आज भाजीवाल्याशी भांडलं की उद्या तो मुकाट्याने कोथिंबीर जास्त टाकतो, तसलं गणित. आणि आवाजाचा परिणाम होतो हे तपासूनही झालंय, २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ४० रेफ्रींना लिव्हरपूलच्या एका होम मॅचमधले तेच टॅकल दाखवले, काहींना पब्लिकच्या आवाजासकट, काहींना म्यूट करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. तिथे तर कोणी छातीवर येऊन ओरडतही नव्हतं.

आता व्हीएआर. ऑगस्ट २०२२, स्टॅमफर्ड ब्रिज, चेल्सी-टॉटनहॅम. दोन्हीकडचे मॅनेजर, टुखेल आणि कॉन्टे, आधी एका गोलवरून भिडले, दोघांना यलो, मॅच संपल्यावर हात मिळवताना परत भिडले, दोघांना रेड. त्याच्या जरा आधी, इंज्युरी टाईममध्ये, कॉर्नरच्या गर्दीत टॉटनहॅमच्या रोमेरोने चेल्सीच्या कुकुरेयाचे केस धरून त्याला आडवा केला, टीव्हीवर अख्ख्या जगाला दिसलं. व्हीएआर म्हणून स्क्रीनसमोर माईक डीन बसला होता, त्याने मैदानावरचा रेफ्री अँथनी टेलरला रिप्लेचा मॉनिटर बघायला पाठवलंच नाही, परत कॉर्नर, टॉटनहॅमच्या केनचा हेडर, २-२. वर्षभराने डीनने स्वतःच एका पॉडकास्टवर कबूल केलं की टेलर आपला दोस्त, मॅचमध्ये आधीच त्याच्या डोक्याला एवढा ताप, त्यात आणखी भर नको म्हणून नाही पाठवलं. म्हणजे प्रेशर मैदानावर तयार झालं आणि वसूल झालं स्क्रीनच्या खोलीत! व्हीएआरने प्रेशर संपवलं नाही, त्याला आणखी एक माणूस मिळवून दिला.

पॅशन? मे २०२३, बुडापेस्ट, युरोपा लीग फायनल, रेफ्री परत टेलरच. रोमा पेनल्टीवर हरली, मॅच संपली, बक्षीस वाटून झालं, आणि मग रोमाचा मॅनेजर मोरिन्यो पार्किंगमध्ये जाऊन त्याला शिव्या घालतो. पार्किंगमध्ये कसलं पॅशन राव, तिथे फक्त गाड्या असतात. नंतर विमानतळावर पब्लिकने टेलरला त्याच्या फॅमिलीसकट घेरलं. आणि युरो २०२४ ला यूएफाने फक्त कॅप्टनने बोलायचं, बाकी कोणी आलं की यलो, असं सांगितल्यावर एरवी क्लबसाठी कोंडाळं करणारे तेच बरेचसे प्लेयर गपगुमान लांब उभे राहिले ना? आवरता येतं की.

राहिला शिट्टी गळ्यात न घालण्याचा सल्ला. तो लोक पाळतात. स्वीडनचा रेफ्री अँडर्स फ्रिस्कने २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सीनंतर घरच्यांना धमक्या आल्यावर सोडून दिलं. इंग्लंडमध्ये खालच्या लेव्हलला २०२३ पासून ट्रायल म्हणून रेफ्रींच्या छातीवर बॉडी कॅमेरे लावायला लागले, संडे लीग खेळवायला पोलिसासारखा कॅमेरा, विचार करा.

मी स्वतः आमच्याकडे पोरांच्या टूर्नामेंटला एकदा शिट्टी धरलीय, फुकट, वर एक वडापाव. बारा वर्षांचा कॅप्टन चार जणांना घेऊन धावत आला आणि दोन्ही बोटांनी हवेत चौकोन काढून माझ्याकडे व्हीएआर मागितला. गोलपोस्टला नेटपण नव्हती.