गुडघे, गियर आणि पसरणी घाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सायकलने घाट चढण्यावरच्या माझ्या ‘सराव सुटलेल्यांसाठी पुणे ते पाचगणी’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. टीकेचं वाईट वाटलं नाही. ‘घरी बसून लोकांचे गुडघे फोडायचे सल्ले देता’ या भाषेचं वाटलं. नाव न लिहिता असं बोलणं सोपं असतं. बारा वर्षं दर हिवाळ्यात नवख्यांना सायकलवर या घाटातून नेतोय, ते घरी बसून नव्हे.

तुमचं बरोबर ते आधी. पाणी मी ‘दोन बाटल्या’ एवढंच लिहिलं होतं, ते अपुरं होतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, एका बाटलीत ओआरएस. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं वाक्य: ‘सराव नसताना घाट चढला की गुडघे जाणारच.’ ‘जाणारच’ कशावरून? वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणी घाटाचा रस्ता, साधारण १२ किलोमीटर. सराव नसलेला माणूस तिथे ताशी ८ किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतो, म्हणजे दीड तास सलग चढ. पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागच्या चकतीला ३२ असतील तर या वेगाला पाय मिनिटाला ६० फेरे मारतात. मागे २५च असतील तर ४७. वेग तोच, पण फेरे कमी, म्हणून प्रत्येक दाबाला साधारण ३० टक्के जास्त जोर, आणि तो दीड तासात चार हजारांवर वेळा गुडघ्याच्या वाटीवर येतो. गुडघा भरतो तो या जड गियरने.

म्हणूनच ११-३२ किंवा ११-३४ची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच; आकडे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चकतीच्या दात्यांचे) लावा म्हटलं होतं. तुमच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) तेवढे दाते झेपतात का, हे मेकॅनिककडून आधी बघून घ्या, हेही लिहिलं होतं. चेन जुनीच, आखूड ठेवली तर पुढे-मागे दोन्ही मोठ्या चकत्यांवर गेल्यावर ती ताणते आणि हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा, मोडतो. हे सगळं तिथे आहे. वाचायचे कष्ट घ्यायला हवे होते.

दुसरं कारण सीट. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या. कंबर न कलंडता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट खाली असली तर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असली तर गुडघ्यामागे. एका वेळी ३-४ मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन राइड बघा. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते, आणि घाटात तीच नडते.

हायवेची रहदारी आणि डॉक्टरांचा सल्ला हे तुमचे मुद्दे लेखाच्या सुरुवातीलाच आहेत, पुन्हा लिहीत बसत नाही. ‘पैसेवाल्यांचे चोचले’ याला उत्तर देण्यासारखं काही नाही.

तुमचा स्वतःचा गुडघा सहा महिने दुखला, असं लिहिलंत. त्याचं मनापासून वाईट वाटलं. पुढून दुखला की मागून, आणि मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची होती, एवढं कळवा.