आठानं कसा देऊ? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, भाव वाढेल या आशेनं शेतकरी कापूस न विकता घरात का ठेवतो आणि त्यामागे मेंदू कसा चालतो, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की कापूस घरात ठेवणाऱ्याला मी अडाणी ठरवलं, मेंदूच्या नावाखाली व्यापाऱ्याला मोकळं सोडलं आणि प्रयोगशाळेतल्या गोष्टी यवतमाळच्या शेतकऱ्याला चिकटवल्या.

अडाणी? छे! २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० आणि बाजारभाव बराच काळ आठ हजारांच्या आसपास. तरी गावोगाव एकच बोलणं, "मांगच्या साली दहानं गेला, आता आठानं कसा देऊ?" मेंदू भाव शून्यापासून मोजतच नाही. मनात बसलेल्या आकड्यापासून वर-खाली मोजतो, आणि खालचा फरक जास्त टोचतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७९ मध्येच मांडलं. पडलेला शेअर 'खरेदीभावाला आला की काढू' म्हणत कवटाळून बसणारे मुंबईकर यात तंतोतंत बसतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही, एवढाच फरक.

आता प्रयोगशाळा. २००६ मध्ये पादोआ-स्किओप्पा आणि असाद या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांना दोन रसांतून एक निवडायला लावलं. डोळ्यांच्या वर, कपाळामागच्या भागात काही पेशी अशा सापडल्या, की रस कोणता याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माकडाला तो जेवढा मोलाचा, तेवढ्या त्या कमी-जास्त चेतत. पुढे २००९ मध्ये दिसलं, की समोर येणाऱ्या मोलांचा पल्ला बदलला की या पेशींची मोजपट्टीही त्याप्रमाणे ताणते किंवा आखडते. माकडावरून थेट कापसावर उडी मारता येत नाही, मान्य. पण मोजपट्टी सरकते, ही गोष्ट हवेतली नाही.

कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असलेला माणूस खेडा खरेदीतच, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्यालाच, कापूस देऊन टाकतो. त्याला निवड नसतेच, म्हणून तो लेखात नव्हता. आणि निकड मेंदूलाही सोडत नाही. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. ऊस निघण्याआधी, हात तंग असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत ते मागे पडले. पैसे आल्यावर तेच लोक सुधारले.

व्यापाऱ्याच्या काटामारीवर मात्र मेंदूशास्त्राकडे काही नाही. तो पोलिसात जायचा विषय.

"मग करावं काय?" असं शेवटी विचारलंत. घरातला कापूस सुकून वजनात घटतोय, पोरांच्या अंगाला खाज सुटलीय. अशा वेळी स्वतःला विचारावं: हा कापूस नसता आणि तेवढीच रक्कम हाती असती, तर आजच्या भावानं विकत घेऊन साठवला असता का? भाव वाढेल की पडेल हे यातून कळत नाही, पण मागच्या सालचे दहा हजार हिशेबातून बाहेर पडतात. उत्तर 'हो' आलं, तर खुशाल ठेवा.