शिंजीर किलबिल करत नाही हो बाई!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

पोराची मराठीची वर्कशीट तपासून घरी आली. चौथीत आहे. ध्वनिदर्शक शब्द. मोराचा केकारव, घुबडाचा घूत्कार, पारव्याचं घुमणं, ही सगळी यादी साहेबांना पाठ, सगळं बरोबर. शेवटचा प्रश्न, ‘तुमच्या घराजवळच्या एका पक्ष्याचा आवाज लिहा.’ यानं लिहिलं, ‘शिंजीर : च्वीट च्वीट, मग त्सित्सित्सित्सि’. त्यावर ही भलीमोठी लाल फुली आणि बाजूला बाईंच्या अक्षरात ‘किलबिल’.

अहो, घराजवळचा विचारलात ना? मग घराजवळचाच लिहिला की त्यानं! आणि एकट्या पक्ष्याची कसली किलबिल? संध्याकाळी झाडावर पन्नास जण एकदम जागेवरून भांडतात ती किलबिल.

मला राग फुलीचा नाहीये. हा आवाज त्यानं वर्कशीटसाठी बनवलेलाच नाही, माझ्या बाबांसाठी बनवलाय. बाबा आमच्याकडेच असतात, पुण्यात कर्वेनगरला. आयुष्यभर सकाळी वेताळ टेकडी चढलेला माणूस. वय झालं की कानातून बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, तसं त्यांचं झालंय. कोकीळ ऐकू येतो, भारद्वाजाचं हूप हूप येतं, कावळे तर काय येणारच. पण गॅलरीतल्या जास्वंदीवर तो जेमतेम दहा सेंटिमीटरचा शिंजीर येऊन बसतो, चोच हलताना दिसते आणि बाबांसाठी सगळं म्यूटवर. एकदा त्यांनी नातवाला विचारलं, काय म्हणतोय रे तो? हा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, चिवचिव. बाबा म्हणाले, चिवचिव चिमणीची, हा काय म्हणतोय ते सांग. तेव्हापासून पोरगं तिथं बसून ऐकतं, तोंडानं करून बघतं, आजोबा ‘पुन्हा कर’ म्हणतात, हा पुन्हा करतो, मी आतून ओरडते की डबा भरायचाय, कुणाचं लक्ष नसतं.

त्यातून आलेलं ते च्वीट च्वीट आहे. त्यावर फुली.

आपल्या लोकांनी असंच ऐकूनच नावं ठेवली ना? टिटवी काय गाइडमधून आली? सारखी वटवट करतो म्हणून वटवट्या. टुक टुक टुक करत तांब्यावर हातोडी चालवल्यासारखा बोलतो म्हणून तांबट, कसब्यातल्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर वेगळं सांगायला नको. आणि पावशा! पावसाच्या तोंडावर शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणतो, हिंदीवाल्यांना तोच पक्षी ‘पी कहाँ’ म्हणतो आणि साहेबाला तो ‘ब्रेन फीवर’ ओरडताना ऐकू आला. यातलं कोणाचं चूक? कोणाच्या वहीत फुली मारणार?

बरं, मान्य आहे, बाईंपुढे गठ्ठाभर वर्कशीटा असतात आणि पक्ष्याचा आवाज अक्षरात तंतोतंत कधीच बसत नाही. मान्य. पण मग प्रश्नच कशाला विचारता.

आणि एका पक्ष्याला एकच आवाज हे तरी कुठून आलं? शिकरा, म्हणजे तो शिकारी पक्षी, वरून गेला की कित्येक बारके पक्षी ‘सीईईई’ अशी लांब, बारीक शीळ घालतात, ती नेमकी कुठून आली ते पटकन कळत नाही, म्हणजे शिकऱ्यालाही कळत नाही. पण घुबड नुसतं बसलेलं दिसलं की तीच मंडळी खरखरीत चर्र चर्र लावतात, चार जण गोळा व्हावेत म्हणून. पुन्हा शहरात वेगळंच. नेदरलँड्समधल्या लायडेनला २००३ साली संशोधकांना दिसलं की गोंगाटाच्या भागातले टिट नावाचे बारके पक्षी गाताना खालचे सूर टाळतात, कारण गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली, त्यात ते सूर बुडून जातात. आता आमच्या शिंजीरानंही कर्वे रोडला वैतागून पट्टी चढवली तर बाबांच्या वाट्याचं उरलंसुरलंही जायचं. हे लिहिताना एकदम कसंतरी झालं, पाणी पिऊन आले.

तर. राग थोडा उतरलाय. बाई तशा चांगल्या आहेत, पोरांवर ओरडत नाहीत, मागे याला ताप होता तेव्हा स्वतः फोन केला होता. सोमवारी जाऊन भेटणार आहे, भांडायला नाही. म्हणजे थोडंसं भांडायलाच. मार्क नकोत, फक्त ती फुली खोडा म्हणणार. पोराला विचाराल तर त्याला काही पडलेली नाही, ‘बाईंच्या घराजवळ शिंजीर नसेल’ म्हणाला आणि खेळायला पळाला.

तुमच्याकडचे पक्षी काय म्हणतात ते खाली लिहा. तोंडानं करून बघा मग लिहा, ऑफिसमध्ये असलात तरी. चिवचिव फक्त चिमणीवाल्यांनी लिहायची. आणि बुलबुलाचं कोणाकडे असेल तर आधी द्या, कारण तो बाबांना अजून नीट ऐकू येतो आणि त्यामुळे आजोबा-नातवाचं काल रात्रीपासून जोरदार वाजलंय.