स्लॅबला एक्सपायरी डेट नसते

गेले दोन महिने सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आमच्याच गल्लीतल्या दोघांनी तो मला पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: 1950-60 च्या दशकातला बंगला असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, पाडा. स्लॅबचं आयुष्य 50 वर्षंच असतं. किल्लारीच्या भूकंपात जुनीच घरं पडली. अशी घरं उन्हाळ्यात भट्टी होतात. आणि राहायचंच असेल, तर फॉल्स सीलिंग करून परदेशासारख्या दुहेरी काचा बसवा.

मी अशाच घरात राहतो. आजोबांनी 1958 साली बांधलेलं. सपाट स्लॅब, लांब छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली मोझॅक.

आधी ते 50 वर्षांचं. काँक्रीट काही दुधाच्या पिशवीसारखं ठरल्या तारखेला नासत नाही. ते बहुतेकदा संपतं आतली सळई गंजली की. नव्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, त्यामुळे सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जातो, तसा हा गुण ओसरतो. तो सळईपर्यंत ओसरला आणि वरून गळतीचं पाणी मिळालं, की सळई फुगते आणि स्लॅबचे टवके पडायला लागतात. मुंबईत खारी हवा हे काम लवकर उरकते. सोलापूरला समुद्र नाही.

हे तपासता येतं. स्लॅबचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कली असली की गुलाबी होणारं रसायन) थेंब टाकायचे. रंग गर्द गुलाबी आला, तर तिथलं काँक्रीट अजून सळई राखतंय. आमच्या हॉलमध्ये सळईभोवती गुलाबी आलं, मोरीवरच्या तुकड्यावर रंगच उमटला नाही. मोरीचा स्लॅब तोडून नवा घातला, हॉल तसाच ठेवला. 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करा असं कायदा सांगतो, पाडा असं नाही. ऑडिटमध्ये सगळीकडेच सळई गेलेली निघाली, तर मात्र पाडावं. तिथे भावनेला जागा नाही.

किल्लारीचं नाव घेतलं की आमच्याकडे लोक गप्प होतात. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट इथेही जाणवली होती. पण तिथे माणसं गाडली गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जड ओझ्याखाली. सिमेंटमधल्या विटा आणि वर आरसीसी स्लॅब ही जातच वेगळी. तुमच्या घराला लिंटेलची (दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींतून फिरणारी) सलग पट्टी नसेल, तर इंजिनिअरला दाखवून भिंती एकमेकींना जखडून घ्या, एवढं खरं.

आता भट्टी. हा मुद्दा निम्मा बरोबर आहे, म्हणूनच तो पसरतो. मे महिन्यात रात्री नऊला शिडीवर चढून आमच्या छताला हात लावला असता, तर तापल्या तव्याची आठवण झाली असती. पण दोष घराच्या वयाचा नाही. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जवळजवळ नसतंच. तापतो तो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यालाही तसाच उघडा स्लॅब असतो, शिवाय भिंती पातळ आणि छज्जा नावापुरता. 2018 च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेली नियमावली) छतातून उष्णता झिरपण्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला 1.2 वॅट आहे. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. वर दोन इंची एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा दाट फोम) टाकला की तो 0.6 च्या आसपास येतो.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली आणि आम्ही गच्चीचं काम काढलं. खाली कोब्यावर (गळती थांबवायला गच्चीवर घालतात तो जाड थर) कोबा निघाला! प्रत्येक गळतीला कुणीतरी वरून नवा थर घातलेला. चार इंची कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर माणसांचा आणि सामानाचा भार धरतात तो चौरस मीटरला 150 किलो. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली स्लॅबवर कायमची गर्दी उभी केलेली. दोन्ही थर उतरवले, वॉटरप्रूफिंग केलं, त्यावर बोर्ड (वजन चौरस मीटरला दोन किलोही नाही), सिमेंटचा पातळ थर आणि पांढरा चायना मोझॅक (चकचकीत टाइलांचे तुकडे). एवढं झेपत नसेल, तर दर फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात मारा. पावसात तो धुपतो, पण उन्हाळा काढून देतो. डोळे दिपतात, कुरडया मात्र झकास वाळतात.

फॉल्स सीलिंगने स्लॅब तापायचा थांबत नाही. उलट गंजाचे तांबूस डाग झाकले जातात, आणि अकरा फुटांची उंची जाते ती वेगळीच.

दुहेरी काचा थंड मुलखात शोभतात. तिथे आत 20 आणि बाहेर उणे 10, म्हणजे 30 अंशांचा फरक. आपल्याकडे बाहेर 42, आत 33. नऊ अंशांसाठी सागवानी चौकटी उखडायच्या? त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा. बाहेरूनच, आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं की ते घरात आलेलंच असतं.

एसी आम्ही अजून घेतलेला नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर चालतो. पंखे मात्र बदलले: 75 वॅटच्या जागी 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे). रोज बारा तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. हॉलमधला आजोबांचा जड पंखा तेवढा काढला नाही. खातो 75 वॅट, खाऊ दे.