चिरंजीवांचा नकाराधिकार

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे, असे शास्त्र सांगते. परंतु आमच्या चिरंजीवांना ते शास्त्र मान्य नसल्याने चमचा दिसताच ते ओठ असे घट्ट मिटून घेतात की मधून सुईसुद्धा शिरू नये. आरंभी ते घास जिभेने बाहेर ढकलत, तेव्हा ही नैसर्गिक प्रतिक्षिप्त क्रिया असून ती हळूहळू ओसरते, असा दिलासा डॉक्टरांनी दिला होता. ती ओसरली आणि तिची जागा ठाम मताने घेतली. उकडून, कुस्करून, गाळून घेतलेल्या गाजरात ते प्रथम तर्जनी बुडवतात, ती माझ्या चष्म्याच्या काचेवर सावकाश फिरवतात आणि पदार्थाची पुरेशी परीक्षा झाली, अशा थाटात मान वळवतात.

“खाल्लेले अंगाला लागत नाही वाटते,” असे आप्तेष्ट म्हणतात. वास्तविक आमच्याकडे अन्न फक्त अंगालाच लागते: कानामागे, मानेच्या वळ्यांत, पायांच्या बेचक्यांत. मध चाटवण्याचा सल्ला देणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट नकार देतो, कारण एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

खरी धास्ती आहे ती वजनाच्या आलेखाची. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील बाळांच्या मापांवरून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या आलेखात आमचे चिरंजीव तिसऱ्या शतमकाची, म्हणजे तळाची, रेषा धरून चालतात. शंभर निरोगी बाळांपैकी तिघे त्या रेषेच्याही खाली असणारच, हे गणित मला पटते. फक्त ते रात्री दोन वाजता पटत नाही. शिवाय जन्माचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते, म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत जेवढी भर पडते तेवढीच पुढे पडायला सात महिने लागतात. वेग मंदावणे हा नियमच आहे. रेषा आपली वाट सोडून घसरू लागली, लंगोट कोरडे राहू लागले किंवा बाळ मलूल दिसू लागले, तर मात्र आलेखाशी वाद न घालता डॉक्टरांना गाठावे.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी करून दिली आहे: काय, केव्हा आणि कुठे द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते बाळाने. तीन खाती माझ्याकडे आणि नकाराधिकार त्यांच्याकडे, अशा या राज्यकारभारात मी अर्ध्या तासाच्या आत ताट उचलतो, जबरदस्ती करत नाही आणि नाकारलेली चव काही दिवसांनी पुन्हा पुढे करतो. नवी चव रुचायला कधी कधी दहा-पंधरा वेळा गाठ पडावी लागते म्हणे. पातळ सूपने इवलेसे पोट भरते आणि बळ मिळत नाही, म्हणून घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट करून त्यात थोडे लोणी घालतो.

उरलेले ते लोणीदार अन्न टाकवत नाही, म्हणून मी खातो. घरच्या वजनकाट्यावर आधी चिरंजीवांना कडेवर घेऊन आणि मग एकट्याने उभे राहून मी वजाबाकी करतो. गेल्या खेपेस दोघांचे मिळून वजन घसघशीत वाढलेले पाहून सौभाग्यवतींचा चेहरा खुलला. वजाबाकी केल्यावर कळले की त्यातले बहुतेक माझेच होते.