पात्राचा राग नटीवर कशाला?

आवडत्या मालिकेविषयी मत मांडायला कोणाचीच ना नाही. पण पात्राचा राग ते साकारणाऱ्या माणसावर काढण्याची जी खोड चाहत्यांना लागली आहे, ती पाहून माझे डोके फिरते. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतल्या स्कायलरचेच पाहा. नवरा अमली पदार्थ बनवतो, तोंडावर खोटे बोलतो, घरादाराला संकटात लोटतो, तरी चाहत्यांच्या लेखी खलनायिका कोण, तर त्याला जाब विचारणारी बायको! हा द्वेष इतका विकोपाला गेला की, ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांना २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. याच भूमिकेसाठी त्यांना २०१३ आणि २०१४ असा लागोपाठ दोनदा टीव्हीसाठीचा मानाचा एमी पुरस्कार मिळाला, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. परवा माझ्या शेजारी बसून ही मालिका पाहणारा मित्र, स्कायलरने नवऱ्याला ‘कुठे होतास?’ एवढे विचारताच ‘ही बाई डोक्यात जाते’ म्हणाला आणि लगेच मोबाइल काढून त्या अभिनेत्रीच्या दिसण्यावर वाटेल ते लिहू लागला. पटकथेशी भांडण असेल तर खुशाल भांडा. त्या बाईंनी तुमचे काय घोडे मारले आहे?